उशाशी ठेवायचं, खोलता येणारं इंटरनेटचं घड्याळ: तुम्हाला त्यात नेमकं काय हवं?

कुळागरातला

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सावईवेऱ्याचा. दिवसा फोंड्यात नोकरी, रात्री सोल्डरिंगचं टेबल. गेल्या चवथीच्या सुट्टीत उशाशी ठेवायचं एक छोटं यंत्र बनवलं. आत ईएसपी३२ नावाचा वायफायवाला छोटा संगणक-बोर्ड, वर साडेतीन इंची स्क्रीन, एक बझर, दोन बटणं. पेटी फणसाच्या लाकडाची. आमच्याच कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, फणस वाऱ्याने पडला होता, त्याच्या फळ्यांतून गावच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, करून दिली. वायफायवरून वेळ घेतं, पावसाचा इशारा दाखवतं, गजर वाजवतं. सर्किट, कोड, पेटीची मापं, काहीही लपवलेलं नाही. कुणीही उघडावं आणि हवं तसं बदलावं, हा माझा सगळा खटाटोप.

तीन बनवली. एक आईला दिलं, एक शेजारच्या काकूंना, एक फोंड्याच्या मित्राला. दोन महिन्यांनी चौकशी केली. मित्राने ते काढून ठेवलं होतं, कारण तो प्लग मोबाईलच्या चार्जरला हवा होता. काकू रात्री त्यावर नॅपकिन टाकतात, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून. आई मात्र रोज बघते. कशासाठी, तर संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता ते कळावं म्हणून! तो मी शेवटच्या दिवशी अर्ध्या तासात घातला होता. आणि ज्यासाठी महिनाभर राबलो, म्हणजे कोड कुणालाही बदलता यावा, त्याबद्दल तिघांपैकी एकानेही अवाक्षर काढलं नाही.

आता आणखी वीस बनवायचा विचार आहे. त्याआधी तुम्हाला विचारतो. असं यंत्र तुमच्या उशाशी असेल तर त्याने काय करावं आणि काय करू नये? तांत्रिक माणसांनी लिहावंच, पण ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांनी आधी लिहावं.

साखळीकर

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मोबाईलमध्ये घड्याळ आहे, गजर आहे, हवामान आहे, पंचांगसुद्धा आहे. वेगळी पेटी कशाला? खोलीत आधीच एकच प्लग असतो आणि त्यावर तिघांचा डोळा.

रातपाळी

मी परिचारिका आहे, महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी. साखळीकर, मोबाईल उशाशी असणं हेच माझं दुखणं आहे हो. सकाळी नऊला घरी येऊन झोपते. वेळ बघायला मोबाईल उचलला की वॉर्डच्या ग्रुपवर सतरा मेसेज. एक वाचला की झोप उडालीच. मला नुसती वेळ सांगणारं आणि बाकी गप्प बसणारं काहीतरी हवं आहे.

तुमच्या काकूंचा नॅपकिन मला पूर्ण पटला. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनचा सगळ्यात कमी उजेडसुद्धा जास्त असतो. निळसर पांढरा उजेड तर नकोच, त्याने शरीरातलं झोप आणणारं मेलाटोनिन दबतं. मंद नारिंगी किंवा लाल आकडे द्या आणि उजेड शून्यावर नेता येऊ द्या. शून्य म्हणजे शून्य. बटण दाबलं की पाच सेकंद दिसावं आणि विझावं. हे करायला मेनू उघडावा लागू नये. बाजूला जुन्या रेडिओसारखी गोल फिरवायची कळ असली तर झोपेतही हाताला सापडते.

आणि तो गजर एका बोटाने बंद होऊ देऊ नका. अर्धवट झोपेत तो बंद करून मी दोनदा ड्युटीला उशिरा पोचले आहे.

सोल्डर

कुळागरातला बाब, तुम्ही विचारलेला प्रश्न नवा नाही. वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला होता. त्याचं नाव चंबी.

२००६ साली त्याचे पहिले नमुने तंत्रज्ञांच्या एका मेळाव्यात वाटले गेले, २००८ मध्ये ते विक्रीला आलं. साडेतीन इंची टचस्क्रीन, वायफाय, आत लिनक्स, आणि बाहेरून चक्क मऊ उशीसारखं. दाबलं तर त्याला कळायचं, आत तसा सेन्सर होता. हार्डवेअर अँड्र्यू 'बनी' हुआंग यांचं. सर्किटचे आराखडे सगळ्यांसाठी खुले ठेवले होते. लोकांनी त्याला टेडी बेअरमध्ये शिवलं, स्वतःचे छोटे कार्यक्रम लिहिले. उघडायला घाबरू नये म्हणूनच ते तसं मऊ केलं असावं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

पण त्याच्या स्क्रीनवर दिसणारं सगळं कंपनीच्या सर्व्हरवरून यायचं. २०१२ मध्ये कंपनी बंद पडली. पुढच्या वर्षी सर्व्हरवरचे ते सगळे कार्यक्रम गेले आणि लोकांच्या उशाशी नुसतं एक घड्याळ उरलं. २०१४ मध्ये जुन्या चमूतल्याच एकाने वर्गणी घेऊन सेवा परत उभी केली, म्हणून काही यंत्रं वाचली. ती वाचली याचं श्रेय मी खुलेपणाला देतो. त्याच जातीचं एका बड्या कंपनीचं यंत्र २०१० मध्ये आलं होतं. त्याची सेवा २०१७ मध्ये थांबली आणि विषय संपला.

फ्रान्समधला नाबाझटाग नावाचा ससाही आठवतो. २००५ चा. कान हलवायचा, हवामान बोलून दाखवायचा. २०११ मध्ये सर्व्हर बंद झाला आणि ससा मुका झाला. पुढे २०१९ मध्ये त्याच्या मूळ निर्मात्यांपैकी एकाने वर्गणी जमवून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा नवा बोर्ड केला, जुन्याच सशांच्या पोटात बसणारा.

तेव्हा माझं एकच मागणं. तुमचं स्वतःचं काही बरंवाईट झालं, नोकरी बदलली, हौस संपली, तरी ते घड्याळ चालत राहिलं पाहिजे.

साखळीकर

सोल्डर, हे माहीत नव्हतं. म्हणजे विकत घेतलेली वस्तू घरात धडधाकट असते आणि बनवणारा दुकान बंद करतो म्हणून मरते? हा तर अन्याय आहे. भिंतीवरचं घड्याळ आजोबांच्या वेळचं आहे आमच्याकडे, अजून चावी देतो.

तरी माझा मूळ मुद्दा कायम. मोबाईल आहे.

पेडण्याची माई

मला यातलं काही कळत नाही, म्हणून धागाकर्त्याने बोलावलंय तशी आधी लिहिते.

माझा मोठा मुलगा इंग्लंडमध्ये आहे, धाकटा दुबईत. फोन करायचा म्हटलं की मी बोटांवर तास मोजते. दुबईचं सोपं, दीड तास मागे. इंग्लंडचं मात्र कधी साडेपाच तास, कधी साडेचार. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी ते लोक घड्याळ हलवतात. मी एकदा त्याला पहाटे साडेचारला उठवलंय, बिचारा घाबरून उठला, आईला काय झालं म्हणून.

मला उशाशी तीन वेळा दिसायला हव्यात, माझी आणि दोघांची. आणि बाजूला चंद्र किंवा सूर्य, म्हणजे ते जागे आहेत की झोपलेत ते चष्म्याशिवाय कळेल. बाकी काही नको. दुसरं म्हणजे लाईट. आमच्याकडे पावसात लाईट रोज जाते. आधीचं एक डिजिटल घड्याळ होतं, ते लाईट आली की बारा वाजले बारा वाजले म्हणून लुकलुकत बसायचं. शेवटी कपाटावर ठेवून दिलं.

सोल्डर

माई, तुमच्या दोन्ही तक्रारींवर उपाय आहे आणि दोन्हींना इंटरनेट लागत नाही.

इंग्लंडचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. हा नियम एका ओळीत यंत्रात लिहून ठेवता येतो, मग ते आपोआप मोजतं. त्यांनी कायदाच बदलला तरच ती ओळ बदलायची.

लाईट गेल्यावर वेळ टिकवायला डीएस३२३१ नावाची घड्याळाची वेगळी चिप घालावी. नाण्यासारख्या बॅटरीवर ती वर्षानुवर्षं वेळ धरून ठेवते आणि वर्षाला जेमतेम मिनिटभर चुकते. कुळागरातला, हे तुमच्या यंत्रात आहे का? वायफाय मिळेपर्यंत नुसत्या रेघा दाखवत असेल तर माईंनी ते कपाटावर ठेवलंच म्हणून समजा.

कुळागरातला

नाही. रेघाच दाखवतं. चूक कबूल. आमच्याकडे इन्व्हर्टर असल्यामुळे माझ्या लक्षातच आलं नाही.

वाळपईचा पाऊस

नुसती चिप घालून भागणार नाही. आमच्या सत्तरी तालुक्यात लाईट जाते तेव्हा राउटरही जातो, आणि जोराचा वारा सुटला तर मोबाईलचं नेटवर्कही. म्हणजे पावसाचा इशारा ज्या रात्री खरंच हवा असतो त्याच रात्री इंटरनेट नसतं. तेव्हा शेवटचा मिळालेला इशारा किती वाजताचा आहे ते शेजारी ठळक लिहा. संध्याकाळी सहाचा इशारा रात्री दोन वाजता ताजा असल्यासारखा दाखवणं धोक्याचं आहे. आमच्या वाड्याजवळून ओहोळ जातो, मी हे हौसेने लिहीत नाही.

डीएस३२३१बद्दल आणखी एक. बाजारात मिळणाऱ्या त्या निळ्या स्वस्त मॉड्यूलमध्ये बॅटरी चार्ज करणारी जोडणी असते, ती चार्ज होणाऱ्या सेलसाठी. लोक त्यात साधा सीआर२०३२ सेल घालतात, जो चार्ज करायचा नसतो. तो फुगतो. उशाशी, लाकडी पेटीत, झोपलेल्या माणसाच्या डोक्याजवळ! त्या जोडणीतला रेझिस्टर काढूनच मॉड्यूल वापरा.

तिसरं म्हणजे मुंग्या आणि पाली. यंत्र रात्रभर कोमट राहतं, पावसाळ्यात पालींना तीच जागा आवडते. आमच्या एका स्विचबोर्डात पाल शिरून शॉर्ट झाला आहे. हवेसाठी भोकं ठेवलीत तर आतून बारीक जाळी लावा. आणि बोर्डावर वॉर्निशचा थर द्या, किनाऱ्याकडच्या खारट हवेत तांब्याला हिरवं चढायला दोन पावसाळे पुरतात.

पेडण्याची माई

पालीचं अगदी खरं.

बांबोळीचा बायनरी

मंडळी, झोपायच्या खोलीत इंटरनेटला जोडलेली वस्तू ठेवतो आहोत आणि अजून कुणी मायक्रोफोनबद्दल विचारलं नाही? माझी पहिली अट तीच. मायक्रोफोन नको, कॅमेरा नको. सॉफ्टवेअरने बंद केलेला नको, तर मुळात बसवलेलाच नको. खुल्या यंत्राचा ग्राहकाला खरा फायदा इथे आहे. झाकण काढून दाखवता येतं की आत नाही. बंद डब्यात फक्त शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

दुसरी अट पासवर्डची. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे, राउटर ताब्यात घेतले. त्यातून ऑक्टोबरमध्ये असा हल्ला झाला की मोठमोठी संकेतस्थळं काही तास बंद पडली. त्या घरमालकांना आपला कॅमेरा यात सामील आहे हे कळलंसुद्धा नसेल. ब्रिटनने आता एप्रिल २०२४ पासून असे सोपे, सरसकट सारखे पासवर्ड कायद्यानेच बंद केले आहेत. तुमच्या वीसही यंत्रांना वेगवेगळा पासवर्ड द्या आणि तो पेटीच्या तळाशी चिकटवा.

तिसरी, कोड बदलायचा तर यंत्रावरचं बटण हाताने दाबून धरावं लागलं पाहिजे. बाहेरून, दूरवरून नाही. घरात उभ्या असलेल्या माणसालाच तो अधिकार.

पेडण्याची माई

एक विचारू का? धाकट्याला हा धागा दाखवला. तो म्हणाला, आई, हे हॅक करता येणारं घड्याळ आहे. मी म्हटलं, मग मला नको! हॅक म्हणजे बँकेतले पैसे जातात तेच ना? पेपरात रोज येतं.

सोल्डर

माई, इथे त्याचा अर्थ मालकाने आपल्या वस्तूत हवा तो बदल करणं. पण तुमचं ऐकून वाटतं, हा शब्द पेटीवर छापला तर एकही खपणार नाही.

साखळीकर

मराठी शब्द शोधा. मुक्त यंत्र?

रातपाळी

मुक्त म्हणजे फुकट वाटेल लोकांना. उघडं यंत्र?

वाळपईचा पाऊस

उघडं म्हटलं की आमच्या आजी त्याला आधी बंडी शिवेल.

रातपाळी

काकूंचा नॅपकिन आहेच तयार :)

बांबोळीचा बायनरी

'घरचं घड्याळ' म्हणा. घरच्यांचं ऐकतं ते घरचं.

पेडण्याची माई

हे आवडलं मला. घरचं घड्याळ.

साखळीकर

थोडं अवांतर. गजराचा आवाज काय ठेवणार? ती पीप पीप ऐकून कपाळात जाते. आमच्याकडे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों पों हाच खरा गजर होता. तो आवाज आला की आई पैसे घेऊन दारात आणि आम्ही उंड्यांच्या वासाने जागे. आता आमच्या वाड्यावर पोदेर येत नाही, दुकानातून पाव आणतो.

वाळपईचा पाऊस

पोदेराचा भोंगा गजर म्हणून ठेवलात तर घरातली सगळी पोरं अंथरुणातून थेट दाराकडे धावतील.

रातपाळी

मला पावसाचा आवाज चालेल, हळूहळू वाढत जाणारा. पण शेवटी मोठा होऊ द्या, वर लिहिलंय ते विसरू नका.

चोडणकार

मी इथे फारसा लिहीत नाही, वाचतो. पण आई चंद्रोदय बघते असं वाचलं आणि राहवलं नाही.

आमचं खाजन आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली ती शेतजमीन, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं असलेलं पाण्याचं तोंड. भरतीला पाण्याच्या दाबानेच दार मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. पूर्वजांनी काय डोकं लावलं असेल! माणसाने रात्रभर उभं राहायला नको. पण ओहोटीच्या वेळी पाण्याबरोबर मासळी बाहेर पडते, तेव्हा मानशीला जाळं लावायचं असतं आणि त्यासाठी मात्र माणूस वेळेवर हजर लागतो. यंदा जाळ्याचा ठेका आम्हा दोघा भावांकडे आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला जोर जास्त, मासळीही जास्त, आणि त्या दिवसांत पाणी उतरायला लागतं ते नेमकं रात्री, ऐन झोपेच्या वेळी.

वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे मोबाईलचा गजर रोज नव्याने लावावा लागतो. एक दिवस विसरलो की गेली मासळी. साखळीकर, तुम्ही विचारलंत ना, वेगळी पेटी कशाला? मला रोज आपोआप पन्नास मिनिटं सरकणारा गजर हवा आहे.

आणखी एक अडचण आहे. भरती-ओहोटीच्या छापील वेळा बंदराच्या असतात, मुरगावच्या. आमच्याकडे मांडवीतून पाणी वर चढायला वेळ लागतो. किती, ते प्रत्येक मानशीचं वेगळं. माझे वडील काठी रोवून खुणा बघायचे आणि अंदाजाने सांगायचे. ते सांगायचं ते कुठल्या मोबाईलमध्ये नाही.

कुळागरातला

चोडणकार बाब, तुमचा प्रतिसाद काल रात्री तीनदा वाचला आणि मग टेबलावर बसलो.

भरती-ओहोटीचं गणित मुळात चंद्र-सूर्याच्या चालीचं आहे. अनेक लहानमोठ्या लाटांची बेरीज असते. त्यातली चंद्राची मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची बरोबर १२ तासांची. दोन्ही जुळल्या की अमावास्या-पौर्णिमेचं उधाण. त्या बंदराचे आकडे एकदा यंत्रात भरले की पुढची कित्येक वर्षं ते स्वतः मोजत राहील. इंटरनेट लागत नाही, सर्व्हर लागत नाही, मी जिवंत असण्याचीही गरज नाही. सोल्डर, तुमची अट इथे पुरी होते. संकष्टीचा चंद्रोदयही याच घरातला. आईच्या दिनदर्शिकेत मुंबईची वेळ मोठ्या अक्षरांत असते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात आणि पणजी मुंबईच्या जवळजवळ एक अंश पूर्वेला. अक्षांशामुळे आणखी थोडा फरक पडतो. पावसाळ्यात ढगांत चंद्र दिसत नाही, आई उपाशी बसलेली असते, तिला आपल्या गावची वेळ हवी असते. मला हे आधी कळायला हवं होतं.

तुमच्या मानशीसाठी फक्त एक आकडा लागेल. मुरगावच्या वेळेत किती मिनिटं मिळवायची तो. तो कोडमध्ये ठेवणार नाही. गोल कळ फिरवून बदलता येईल, घड्याळाचे काटे फिरवावेत तसा.

बांबोळीचा बायनरी

हा एक आकडा मला फार मोलाचा वाटतो. आम्ही तंत्रज्ञ सगळा कोड उघडा करतो आणि समाधान मानतो. चोडणकारांना सगळा कोड नको आहे, त्यांना तो एक आकडा आपल्या हाती हवा आहे. माईंना मुलांची दोन गावं निवडता यावीत, रातपाळी ताईंना उजेड. ज्याचा त्याचा आकडा वेगळा.

साखळीकर

चोडणकार, तुमच्यापुढे मी माघार घेतो. पन्नास मिनिटांचं उत्तर माझ्याकडे नाही.

पण व्यवहाराचं बोलू. हे बिघडलं तर कोण बघणार? कोड उघडा आहे, आराखडा उघडा आहे, ते माझ्या काय कामाचं? मी काही सोल्डरिंग शिकणार नाही. मला हमीपत्र लागतं आणि फोन उचलणारा माणूस लागतो.

म्हापसेकर जुना

साखळीकर, याचं उत्तर मी देतो. वय बहात्तर, नातू टाईप करून देतोय.

म्हापशाच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस होता. शुक्रवारी बाजार करायला आलेले लोक सकाळी त्याच्याकडे रेडिओ ठेवायचे आणि दुपारी बसला जाताना घेऊन जायचे. आमच्या घरी लॅम्पवाला, म्हणजे व्हॉल्व्हचा, मोठा रेडिओ होता. तो बिघडला की मी डोक्यावर घेऊन जायचो. तो माणूस मागचा पुठ्ठा काढायचा. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला सर्किटचा कागद चिकटवलेला असायचा, कंपनीनेच चिकटवलेला. त्यावर बोट ठेवून तो बघायचा, कुठे काय असेल ते. तो ना त्या कंपनीचा नोकर, ना कंपनीने त्याला कधी पाहिलेलं. मला त्या कागदातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो कागद माझ्याच कामाचा होता. त्यामुळे माझा रेडिओ म्हापशातच दुरुस्त व्हायचा, मुंबईला पाठवावा लागत नव्हता.

पुढे ट्रान्झिस्टर आले, त्यातही काही दिवस कागद असायचा. मग कागद गेला, मग स्क्रू गेले, सगळं चिकटवलेलं यायला लागलं. त्या माणसाने दुकान बंद केलं तेव्हा मी तिथे होतो. हत्यारं त्याने एका मुलाला दिली, तो आता मोबाईलच्या काचा बदलतो.

तेव्हा कुळागरातला, मी स्वतः तुमची पेटी कधी उघडणार नाही. पण माझ्या गावातल्या कुणाला तरी ती उघडता आली पाहिजे.

रातपाळी

काका, नातवाला माझ्याकडून शाबासकी द्या. आमच्याकडेही तसाच रेडिओ होता, मागच्या कागदावर मी लहानपणी पेन्सिलने फुलं काढली होती. मार खाल्ला होता.

सोल्डर

यापुढे लिहायला माझ्याकडे काही नाही. कुळागरातला, स्क्रू साधे ठेवा, कुठल्याही दुकानातल्या पेचकसाने निघतील असे. आणि गोंद नको.

साखळीकर

काकांचं मान्य. तरी हमीपत्राचा आग्रह सोडत नाही. किंमतही सांगा एकदा.

कुळागरातला

साखळीकर, आग्रह रास्त आहे. एक वर्षाची हमी मी स्वतः लिहून देईन आणि फोन मीच उचलेन, रात्री दहापर्यंत. साहित्याचे साधारण चौदाशे रुपये पडतात, पेटीचे मेस्ताचे वेगळे. पहिल्या वीस यंत्रांवर मला नफा नको.

आतापर्यंत ठरलं ते असं. चिप बसवली, बॅटरीचा रेझिस्टर काढला. उजेडाला गोल कळ, आकडे नारिंगी. मायक्रोफोन नव्हताच, आता बसवायला जागासुद्धा ठेवलेली नाही. इशाऱ्याखाली तो कधीचा आहे ते मोठ्या अक्षरांत. माईंच्या तीन वेळा आणि सूर्य-चंद्र झाले, माईंनी दोन्ही गावांची नावं मला कळवावीत. गजर बंद करायला दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबायची. पावसाचा आवाज मागच्या पडवीतून रेकॉर्ड केला आहे, पत्र्यावरचा. पोदेराचा भोंगाही केला. आमच्याकडे अजून येतो, त्याला थांबवून विचारलं, तो खूश होऊन चार वेळा वाजवून गेला.

वायफाय कधीच जोडलं नाही तरी ते घड्याळ, चंद्रोदय आणि भरती दाखवत राहील. इंटरनेट फक्त पावसाच्या इशाऱ्यासाठी आणि वेळ तपासून घ्यायला.

आणि झाकणाच्या आत सर्किटचा कागद चिकटवतोय. मराठीत. कुठली तार कुठे जाते, कुठली चिप कशासाठी, बॅटरी कुठली घालायची आणि कुठली घालायची नाही. म्हापसेकर काका, मोबाईलच्या काचा बदलणाऱ्या त्या मुलाचं दुकान कुठे आहे ते मला व्यक्तिगत निरोपात सांगाल का? पहिलं यंत्र त्याला उघडायला देतो. त्याला कागद वाचून जुळवता आलं तरच बाकीचे छापतो.

म्हापसेकर जुना

येत्या शुक्रवारी या. मीच घेऊन जातो तुम्हाला.

चोडणकार (तीन आठवड्यांनी)

परवाच्या अमावास्येला लावून बघितलं. लाईट नव्हती, तरी पॉवर बँकवर वाजलं. पावसाच्या आवाजाने मी उठलो नाही, भाऊ उठला, त्याला वाटलं खरंच पाऊस आला आणि सुकत घातलेली जाळी आत घ्यायला धावला. त्याने मला हलवलं. मानशीवर पोचलो तर पाणी अजून चढतच होतं. पंधरा मिनिटं बांधावर बसून राहिलो. मग उतरायला लागलं, जाळं लावलं. शेवटाळी, पालू आणि थोडी सुंगटं मिळाली.

घरी येऊन कळ फिरवली, चाळीसचे पंचावन्न केले. झाकण उघडून आतल्या कागदाखाली पेन्सिलने लिहून ठेवलंय, आमची मानस, पंचावन्न. पोदेराचा भोंगा लावून घेतला आहे.